स्टीअरिंग घरी बदलायचं तर: नट सोपा, केबल अवघड

प्रश्न थोडक्यात असा: गाडी जुनी झाली, स्टीअरिंगचं आवरण सोलून हाताला काळं लागतंय, आवाजाची बटणं मेली आहेत. त्याच मॉडेलचं वापरलेलं पण चांगलं स्टीअरिंग मिळतंय. मधला एक नट सोडला की झालं, असं ऐकलंय. घरी करावं का, आणि एअरबॅगचं काय करायचं?

करता येतं. नीट हत्यारं असतील तर दीड-दोन तासांचं काम आहे, आणि नट सोडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. काम बिघडतं ते दोन जागी. एक, एअरबॅगच्या यंत्रणेत वीज शिल्लक असताना हात घातला जातो. दुसरी, स्टीअरिंगच्या मागची क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंगला गाडीच्या तारांशी जोडणारी, गुंडाळलेल्या केबलची डबी) मध्यावर न ठेवता नवं स्टीअरिंग बसवलं जातं. पहिली चूक माणसाला इजा करते. दुसरी त्या दिवशी दिसतच नाही. काही दिवसांनी अरुंद जागेत गाडी वळवताना केबल तुटते, हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

नुसतं आवरणच सोललं असेल, तर आधी विचार करा की बदलायची गरज आहे का. सुईदोऱ्याने शिवायचं चामड्याचं आवरण घट्ट बसतं आणि त्यासाठी काहीही खोलावं लागत नाही. वरून सरकवायचे सैल कव्हर मात्र नकोच, ऐन वळणात हाताखाली फिरतं. बटणं मेली असतील तर आणखी एक शक्यता तपासा: बटणांबरोबर हॉर्नही अधूनमधून बंद पडतो का, एअरबॅगचा दिवा लागतो का? तसं असेल तर दोष स्टीअरिंगमध्ये नसून बहुधा क्लॉक स्प्रिंगमध्ये आहे. स्टीअरिंग बदलून तो जाणार नाही.

वापरलेलं स्टीअरिंग घेताना ते सपाट टेबलावर पालथं ठेवून पाहा. रिम चारही बाजूंनी सारखी टेकली पाहिजे. डुगडुगत असेल तर ती वाकलेली आहे, म्हणजे अपघातातून आलेली असू शकते. चालकाची छाती आदळली तर रिम वाकून धक्का शोषते, आणि एकदा वाकलेली रिम पुन्हा सरळ करून वापरायची नसते. एअरबॅगच्या खाचेत पांढरट पूड, वितळलेलं प्लास्टिक किंवा फाटलेला फोम दिसला तर तिथूनच परत फिरा. मग जुन्याशी ताडून पाहा: मधल्या भोकाचे दाते, हबची (स्टीअरिंगच्या मधल्या धातूच्या भागाची) खोली, एअरबॅग अडकवायची पद्धत, बटणांच्या कनेक्टरमधल्या पिना. मॉडेल तेच असलं तरी मधल्या एखाद्या वर्षी कंपनीने एअरबॅगची अडकण बदललेली असते, किंवा क्रूझ कंट्रोल असलेल्या गाडीची तारजोडणी वेगळी असते.

एअरबॅग मात्र वापरलेली घेऊ नका. तुमच्याच गाडीची एअरबॅग नव्या स्टीअरिंगमध्ये बसवायची. दुसऱ्या गाडीतून काढलेली एअरबॅग ओलाव्यात पडली होती का, पाण्यात बुडालेल्या गाडीची आहे का, हे बाहेरून कळत नाही. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल: इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यातलं, अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं आणि एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून तुकडे उडाले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी एअरबॅग परत मागवल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. परत मागवलेल्या गाड्यांमधला माल सुट्या भागांच्या बाजारात येऊ शकतो. स्वतःच्या गाडीचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून एअरबॅग परत मागवली आहे का, हेही पाहून घ्या. मागवली असेल तर हे काम घरी करूच नका. कंपनी ती फुकट बदलून देते.

हत्यारं: बॅटरीसाठी बहुधा १० चा पाना. मधल्या नटासाठी १७, १९, २१ किंवा २२ चा सॉकेट आणि एक्स्टेन्शन. काही जर्मन गाड्यांत नटाऐवजी मधोमध बोल्ट असतो, त्याला बारा टोकांचा एम १२ बिट लागतो. एअरबॅगच्या स्क्रूसाठी बहुतेकदा ताऱ्याच्या आकाराचा टॉर्क्स टी-३० बिट. बोथट टोकाचा चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची चपटी पट्टी, पांढरा पेंट मार्कर, कागदी चिकटपट्टी, टॉर्च. स्टीअरिंगचा पुलर (घट्ट बसलेलं स्टीअरिंग खेचून काढायचं हत्यार) आणि टॉर्क रेंच (टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, मोजून देणारा पाना). शेवटची दोन नसतील तर उसनी आणा. त्यांच्याऐवजी हातोडी आणि अंदाज वापरायचा नाही. गाडीची सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, निदान तुमच्या मॉडेलची एअरबॅग कशी सुटते आणि नटाचा टॉर्क किती, एवढं तरी.

सुरुवात सपाट जागेवर. गाडी चार-पाच मीटर सरळ पुढे घ्या आणि स्टीअरिंगला हात न लावता थांबवा. पुढची चाकं आता खरोखर सरळ आहेत. या स्थितीत स्टीअरिंग सरळ आहे की थोडं कललेलं, याचा मोबाईलवर समोरून फोटो काढा. हा फोटो शेवटी लागणार आहे. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून घ्या.

एअरबॅगचे स्क्रू किंवा भोकं स्टीअरिंगच्या मागे असतात आणि तिथपर्यंत पोचायला स्टीअरिंग पाव फेरी इकडे-तिकडे वळवावं लागतं. म्हणून चावीने स्टीअरिंगचं कुलूप उघडं ठेवा, पण इग्निशन चालू ठेवू नका. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत बॅटरी काढण्याआधी कुलूप उघडं कसं ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर बॅटरी काढल्यावर स्टीअरिंग अडकून बसेल.

आता बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टर्मिनलपासून लांब वाकवून तिच्यावर कापड गुंडाळा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत एअरबॅगची यंत्रणा चालते ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. ती डिकीतही असू शकते, आणि गाडी ‘रेडी’ अवस्थेत असताना मोठी बॅटरी त्या १२ व्होल्टच्या बाजूला वीज पुरवत राहते. म्हणून गाडी आधी पूर्ण बंद करा.

तार काढली म्हणजे वीज संपली असं नाही. अपघातात बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडली पाहिजे, म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतात आणि ते थोडा वेळ वीज धरून ठेवतात. मॅन्युअलमध्ये हा वेळ कुठे एक मिनिट, कुठे तीन, कुठे दहा असा दिलेला असतो. घड्याळ लावून सरळ दहा मिनिटं थांबा. हॉर्न वाजत नाही म्हणजे वीज गेली, हा पुरावा नव्हे. हॉर्नचं सर्किट वेगळं आहे.

एअरबॅग सुटण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्टीअरिंगच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची छोटी झाकणं असतात, त्यांच्या आत टॉर्क्सचे स्क्रू. ते सैल करायचे. बऱ्याच गाड्यांत ते पूर्ण बाहेर येत नाहीत, आपल्याच जागी फिरत राहतात, तेव्हा ओढत बसू नका. दुसऱ्या पद्धतीत स्क्रूच नसतो. स्टीअरिंग पाव फेरी वळवा, मागच्या भोकात टॉर्च मारा. आत वाकवलेल्या जाड तारेची स्प्रिंग दिसेल, एअरबॅगच्या आकड्याला अडकलेली. बोथट स्क्रू ड्रायव्हर भोकात घालून ती तार बाजूला दाबा, ‘टक्’ आवाज होतो आणि एअरबॅगची ती कड थोडी वर उचलली जाते. मग स्टीअरिंग उलट वळवून दुसरी बाजू. तार कुठल्या दिशेला दाबायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं. काही झालं तरी पुढच्या बाजूने, एअरबॅगच्या झाकणाच्या फटीत हत्यार घालून उचकटू नका. त्या झाकणाला आतून फाटण्याची रेघ पाडलेली असते.

सुटलेली एअरबॅग लगेच ओढू नका, मागे तारा आहेत. गाडीच्या उघड्या धातूला एकदा हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. एअरबॅगचे कनेक्टर पिवळे किंवा नारिंगी असतात, आणि दोन टप्प्यांत फुगणाऱ्या एअरबॅगला दोन. मधली छोटी कुलूपपट्टी प्लास्टिकच्या पट्टीने दोन-तीन मिलिमीटर वर उचला, मग कनेक्टर सरळ वर काढा. पट्टी न उचलता ओढलं तर कनेक्टर मोडतो आणि तो सुटा मिळत नाही. हॉर्नची तार वेगळी असेल तर तीही काढा.

एअरबॅग उचलून नेताना झाकणाची बाजू अंगापासून लांब, आणि ठेवताना झाकण वर. तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. पालथी ठेवलेली असताना ती उघडली तर अख्खा धातूचा डबा छताकडे उडेल. झाकण वर असेल तर फक्त पिशवी फुगेल. मांडीवर घेऊन बसू नका, उन्हात ठेवू नका, आणि काही झालं तरी मल्टिमीटर लावून ‘चालू आहे का’ बघू नका. आतल्या स्फोटक तुकड्याचा रोध जेमतेम दोन ओमच्या आसपास असतो आणि मीटरमधला छोटा प्रवाहसुद्धा तिथे नको.

आता स्टीअरिंग पुन्हा सरळ करा, पहिल्या फोटोशी जुळवा. बटणांचे कनेक्टर काढा. नट सोडताना स्टीअरिंग हाताने किंवा मदतनिसाकडून धरून ठेवा. स्टीअरिंगच्या कुलपाचा आधार घेऊन जोर लावू नका, कुलपाची खीळ त्यासाठी केलेली नाही. नट सैल झाला की पूर्ण काढू नका, शेवटचे तीन-चार आटे अडकलेले ठेवा. आणि आता पांढऱ्या मार्करने शाफ्टच्या, म्हणजे स्टीअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्याच्या, टोकापासून हबपर्यंत एक सरळ रेघ ओढा. काही शाफ्टवर कारखान्याची खूण असते, काहींवर एक दाता रुंद ठेवलेला असतो म्हणजे स्टीअरिंग एकाच स्थितीत बसतं. तरी रेघ ओढाच.

स्टीअरिंगच्या डाव्या आणि उजव्या कडा आळीपाळीने आपल्याकडे खेचत डुलवा. निमुळत्या दात्यांवर ते घट्ट बसलेलं असतं, आणि सुटतं तेव्हा एकदम सुटतं. नट शिल्लक ठेवला नसेल तर सरळ तोंडावर येतं. सुटलं नाही तर पुलर. हबवरच्या दोन आटेदार भोकांत पुलरचे बोल्ट जातात, बहुतेकदा एम ८. इथे एक फसगत ठरलेली: बोल्ट लांब असेल तर तो हबमधून आरपार जाऊन मागच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये घुसतो. पाच-सहा फेऱ्यांपेक्षा जास्त आत नको. नट शाफ्टच्या टोकाशी सपाट आणून ठेवा, म्हणजे पुलरचा दाब आट्यांवर येणार नाही. शाफ्टवर हातोडी मारू नका: अपघातात आक्रसावी म्हणून स्टीअरिंग कॉलमची, म्हणजे शाफ्ट धरणाऱ्या नळीची, रचनाच अशी असते की ठोक्यांनी आतले भाग सरकू शकतात, बेअरिंगही खराब होतात.

स्टीअरिंग काढताना तारा हबच्या खिडकीतून हळू बाहेर येऊ द्या. ते बाजूला झालं की क्लॉक स्प्रिंग उघडी दिसते, साधारण तळहाताएवढी गोल डबी. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते. कॉलमच्या स्थिर तारा आणि फिरणारं स्टीअरिंग यांना तीच जोडते. काही गाड्यांत स्टीअरिंग काढताच ती आपोआप कुलूपबंद होते, बहुतेकांत होत नाही. ताबडतोब कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून फिरणारा भाग स्थिर भागाला चिकटवून टाका. एवढं केलंत तर पुढचा परिच्छेद लागणारही नाही.

पट्टी लावायच्या आधीच ती फिरली, किंवा मुलाने उत्सुकतेने फिरवून पाहिली, तर मध्य नव्याने शोधावा लागतो. घड्याळाच्या दिशेने अगदी हलक्या बोटांनी फिरवत न्या. अडल्यासारखं वाटलं की थांबा, जोर नको. मग उलट दिशेने दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मोजत जा. समजा पाच भरल्या, तर अडीच परत या. गंमत अशी की डबीवरचा बाण प्रत्येक फेरीत एकदा जुळतो. म्हणजे ‘बाण जुळला’ असं दाखवणाऱ्या चार-पाच स्थिती आहेत आणि खरा मध्य त्यातला एकच. आता हिशेब करा. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वातीन फेऱ्या फिरत असेल, तर मध्यापासून दोन्हीकडे दीड फेरीपेक्षा थोडं जास्त. केबलला दोन्हीकडे अडीच फेऱ्यांची सोय आहे. एका फेरीने चुकलात तर एका बाजूला उरली दीडच. रोजच्या रस्त्यावर इतकं वळवावं लागत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलं की केबल ताणून तुटते. दिवस गेलेले असतात, त्यामुळे कारण लक्षात येत नाही.

अनेक गाड्यांत याच डबीत स्टीअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो. डबीच बदललीत तर तो शून्यावर आणायला स्कॅनर लागेल.

नवं स्टीअरिंग बसवण्याआधी जुन्या स्टीअरिंगवरची बटणं किंवा वजन म्हणून लावलेले तुकडे हलवायचे असतील तर ते करून घ्या. मग तारा हबच्या खिडकीतून आधी पुढे ओढा, एकही हबखाली चिमटत नाही हे टॉर्चने पाहा, आणि पुढची चाकं सरळ असल्याची खात्री करून स्टीअरिंग दात्यांवर सरकवा. नव्या स्टीअरिंगवर तुमची रेघ नाही, म्हणून शाफ्टवरची रेघ आणि पहिला फोटो हेच संदर्भ. शाफ्टला ३६ दाते असतील तर एका दात्याची चूक म्हणजे १० अंश, नुसत्या डोळ्यांना लगेच दिसते. मागच्या बाजूची खाच डबीवरच्या टोकात बसते आहे का पाहा. तिथे चुकलं तर इंडिकेटर वळणानंतर आपोआप परत येत नाही.

आधीपासूनच स्टीअरिंग चार-पाच अंश कललेलं होतं का? मग ते आताही तसंच बसवा. दाता बदलून सरळ ‘दाखवायचं’ नाही. तो व्हील अलाइनमेंटचा, टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या) लांबीचा प्रश्न आहे. दाता बदलला तर कोनाच्या सेन्सरला गाडी कायम वळते आहे असं वाटत राहील.

नट नवा मिळत असेल तर नवाच घ्या. लॉकिंग नट किंवा आट्यांवर कोरडा चिकट थर असलेला बोल्ट पुन्हा वापरायचा की नाही, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नट आधी हाताने फिरवून आट्यांवर चढवा, वाकडा पकडू देऊ नका. टॉर्क मॉडेलप्रमाणे वेगळा, पुष्कळ गाड्यांत ४० ते ५० न्यूटन मीटर. अंदाज यावा म्हणून: पाव मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला वीस किलोचा जोर म्हणजे जवळपास ५० न्यूटन मीटर. लांब पाइप घालून ‘घट्ट असू दे’ करणारे लोक आटे ताणतात. कमी आवळणारे त्याहून वाईट. दाते हळूहळू झिजतात आणि स्टीअरिंगला खुळखुळाट येतो. ताकद लावताना धरायचं पुन्हा हातानेच, कुलपावर नाही. शेवटी नटावर मार्करने खूण करा, पुढे सैल झाला तर कळेल.

चिकटपट्टी काढायला विसरू नका. आता बटणांचे कनेक्टर, मग एअरबॅगचे. दोन असतील तर रंग जुळवून. आत ढकला आणि कुलूपपट्टी सपाट होईपर्यंत दाबा. या कनेक्टरच्या आत एक छोटी धातूची पट्टी असते. तो सुटा असताना ती एअरबॅगच्या दोन्ही टोकांना आपसात जोडून ठेवते, म्हणजे चुकून वीज शिरू नये. कनेक्टर अर्धवट बसला तर ही पट्टी तशीच जोडलेली राहते आणि मग दिवा जात नाही. मग एअरबॅग दोन्ही बाजूंनी सारखी दाबा, आकडे ‘टक्’ करून बसतील. भोवतालची फट सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला वर राहिली तर हॉर्न सतत वाजतो किंवा अजिबात वाजत नाही, कारण पुष्कळ गाड्यांत एअरबॅगच स्प्रिंगवर तरंगते आणि दाबली की हॉर्नचा संपर्क होतो.

बॅटरी जोडताना गाडीत कोणीही बसू नये. जोडून झाल्यावर दाराबाहेर उभं राहून, चेहरा आणि छाती स्टीअरिंगसमोर न आणता, हात लांब करून इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर एअरबॅगचा कनेक्टर बघा, पण पुन्हा बॅटरी काढून, दहा मिनिटं थांबून. कनेक्टर सुटा असताना कोणी मधेच इग्निशन चालू केलं असेल, गाणी ऐकायला म्हणून, तर दोषाचा कोड साठून राहतो आणि सगळं नीट जोडलं तरी दिवा जात नाही. तो पुसायला एअरबॅगची यंत्रणा वाचणारा स्कॅनर लागतो. फक्त इंजिनचे कोड वाचणाऱ्या स्वस्त रीडरला तो दिसतही नाही.

घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा किंवा पॉवर स्टीअरिंगचा दिवा बॅटरी काढल्यामुळे लागू शकतो. इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, बऱ्याच गाड्यांत तो विझतो. याच फेरीत कान लावून ऐका. कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर क्लॉक स्प्रिंगची केबल दुमडते आहे, तिथेच थांबा. प्लास्टिक घासल्याची खरखर आली तर कॉलमचं आवरण नीट बसलेलं नाही, ते साधं आहे. मग हॉर्न, प्रत्येक बटण, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, आणि मोकळ्या जागेत हळू एक फेरी.

एअरबॅग नसलेल्या जुन्या गाड्यांचं काम फार सोपं: हॉर्नचं झाकण ओढून काढा, नट, खूण, पुलर, बस. तिथे अडचण येते ती हॉर्नच्या संपर्काची. स्प्रिंगवरचं टोक आणि तांब्याची कडी यांच्यामधली इन्सुलेशनची चकती विसरलात तर बॅटरी जोडताच हॉर्न वाजायला लागतो. बाजारातलं स्पोर्ट स्टीअरिंग लावायचं तर गाडीच्या दात्यांशी जुळणारा हब अ‍ॅडॉप्टर लागतो. मोमो कंपनीच्या स्टीअरिंगची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि नार्डी कंपनीच्या स्टीअरिंगची ७४. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. सहा स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळायचे.

एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र असलं स्टीअरिंग लावू नका. दिवा विझवण्यासाठी एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून देणारे भेटतात. त्याने फक्त दिवा फसतो. सीटबेल्टचा ताण आणि सैल होणं समोर एअरबॅग आहे असं धरून ठरवलेलं असतं. ती नसेल तर बेल्ट तुम्हाला पुढे जाऊ देतो आणि समोर असतो लोखंडी हब.

एअरबॅगचा दिवा काम सुरू करायच्या आधीपासूनच लागलेला असेल, गाडीला समोरून मार बसलेला असेल, किंवा नट घट्ट असूनही स्टीअरिंग वरखाली हलत असेल, तर घरी काही खोलू नका. आणि काम झाल्यावर जुनं स्टीअरिंग महिनाभर तरी ठेवून द्या. एखादं बटण किंवा झाकणाची क्लिप नव्यात कमी निघाली तर तीच लागेल.